सव्वा महिन्यानंतरचे दुखणे

बाळंतिणीची काळजी घेण्यात आपली घरे सहसा कमी पडत नाहीत. दिवस भरत आले की माहेरी डिंक निवडला जातो, खारीक-खोबरे कुटून ठेवतात, अळीव आणि बाळंतशेपा डब्यांत भरल्या जातात. बाळंतीण घरी आली की तेल लावणाऱ्या बाईची वेळ ठरते, शेक-शेगडी होते, कानाला फडके बांधले जाते. खिडकीतून जराशी झुळूक आली तरी घरातली वडील मंडळी धावत जाऊन तावदान लावतात. हे सगळे मायेने होते आणि त्यात हसण्यासारखे काही नाही.

पण या कौतुकाला एक तारीख ठरलेली असते. सव्वा महिना झाला, बाळाला देवळात नेऊन आणले, की बाळंतीण मोकळी झाली असे आपण मानतो. मौज अशी की दवाखान्याचा हिशेबही जवळजवळ तोच. सहा आठवड्यांनी एक तपासणी होते, टाके पाहिले जातात, रक्तदाब मोजला जातो, आणि पुढचे बोलावणे येते ते बाळाला, लस टोचण्यासाठी. आईला कोणी बोलावत नाही.

ज्या दुखण्याविषयी आज लिहायचे आहे, ते बहुधा यानंतर डोके वर काढते. कधी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कधी सहाव्यात, कधी बाळ उभे राहू लागल्यावर. गस्तवाला घरी गेला की चोराने यावे, तशातला हा प्रकार. म्हणूनच तो पकडला जात नाही.

अंगावर काढण्याची विद्या

मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांकडे कान जातो. आपल्या भाषेत मूल आईच्या ‘अंगावर’ पिते आणि आई आपले दुखणे ‘अंगावर’ काढते. दोन्ही गोष्टी एकाच अंगावर, आणि बहुतेक वेळा एकाच वर्षात! दुसरा एक जुना शब्द ‘बाळंतरोग’. बाळंतपणानंतर बाई खंगत चालली, ताप राहिला, केस गळाले, डोके फिरले, काहीही झाले तरी हा एकच शब्द पुरत असे. आज तो शब्द मागे पडला. त्याच्या जागी आपण म्हणतो, “बाळ लहान आहे ना, मग दमणारच!” शब्द बदलला, पण त्यामागे अनेक निरनिराळी दुखणी एकाच पिशवीत भरण्याची सवय तीच राहिली.

त्या पिशवीतले एक दुखणे थायरॉईडचे आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता स्वतः एका शाळेत शिकवते. पहिले मूल झाल्यावर तिसऱ्या महिन्यात ती भेटायला आली, तेव्हा मी तिला पाहून चरकले. मुलगी निम्मी झाली होती. बाळाला मांडीवर घेताना तिची बोटे थरथरत होती.

“बाई, जिना चढले की छाती धडधडते. घाम तर असा येतो, की जणू वैशाखच आहे. रात्री बाळ झोपते, पण मी टक्क जागी!”

घरात सर्वांनी समजूत घातली होती की अंगावर पाजणारी बाई वाळायचीच. नवऱ्याने तरी तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासले, त्यात टी. एस. एच. फार कमी निघाले. डॉक्टरांनी धडधडीपुरते औषध दिले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायला बजावले. पण महिन्याभरात तिला बरे वाटू लागले. शाळा सुरू झाली होती, बाळाला सर्दी झाली होती. पुन्हा तपासायचे राहून गेले.

सातव्या महिन्यात चित्र पार उलटले. वजन वाढू लागले. भर मे महिन्यात ती पंखा बंद करायला सांगे. बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, सुजल्यासारखा चेहरा. फळ्यावर लिहिताना साधा शब्द आठवेना, आणि वर्गातून येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. अंगावरचे दूधही कमी झाले होते. “पहिल्यांदा वाऱ्यासारखी पळत होती, आता उठवत नाही. मनावर घेत नाही, दुसरे काय!” असा निकाल घरात लागला. तिच्या स्वतःच्या मनानेही तोच निकाल मान्य केला, आणि या दुखण्यातली सर्वांत वाईट गोष्ट मला हीच वाटते. आपण आई होण्याच्या लायकीच्याच नाही, असे ती मुलगी मनात धरून बसली होती.

हा निकाल फिरवला तिच्या सासूबाईंनी. सासूबाईंविषयी लिहिताना लेखकांची लेखणी नेहमी एकाच बाजूला कलते, म्हणून हे मुद्दाम सांगते. एके सकाळी त्या म्हणाल्या, “अगं, तुझा आवाज असा घोगरा कधी झाला? माझ्या बहिणीचा असाच झाला होता, तिला थायरॉईड निघाला. चल, आज बाळाला मी घेते, तू रक्त देऊन ये.” टी. एस. एच. आता कितीतरी पटीने वाढलेले निघाले. गोळी सुरू झाली, आणि दोन-अडीच महिन्यांत मुलगी माणसात आली.

मुकादम आणि टाकी

एकाच बाईचा एकच आजार तिसऱ्या महिन्यात एक रूप दाखवतो आणि सातव्या महिन्यात नेमके उलटे, हे कसे? यासाठी गळ्यातल्या या ग्रंथीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

श्वासनलिकेच्या पुढे, कंठमण्याच्या जरा खाली, फुलपाखरासारखी दोन पंख पसरून ती बसलेली असते. वजन पंधरा-वीस ग्रॅमच्या आसपास. परिभाषा घडवणाऱ्यांनी तिला ‘अवटु ग्रंथी’ म्हटले आहे. संस्कृतात अवटु म्हणजे मानेचा मागचा भाग आणि ग्रंथी तर पुढे, तेव्हा हे नाव रुळले नाही यात नवल नाही. आपण ‘थायरॉईड’च म्हणू. तेही सांभाळून, कारण “मला थायरॉईड आहे” हे वाक्य तसे पाहिले तर “मला नाक आहे” यासारखेच आहे! थायरॉईड सर्वांनाच असते. प्रश्न असतो तो तिच्या रसाचा. हा रस शरीराची चाल ठरवतो: हृदयाने किती वेगाने धावायचे, आतड्याने किती हलायचे, अंगात ऊब किती राहायची. रस जास्त झाला की सगळे धावू लागते. कमी पडला की सगळे रेंगाळते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी बसलेली पीयूषिका ग्रंथी मुकादमासारखी देखरेख करते. टी. एस. एच. म्हणजे या मुकादमाची हाक. काम मंदावले की मुकादम मोठ्याने ओरडतो, काम फार झाले की गप्प बसतो. म्हणून टी. एस. एच. वाढलेले असेल तर थायरॉईडचा रस कमी पडतो आहे, आणि टी. एस. एच. कमी असेल तर रस जास्त आहे, असा बहुधा उलटा अर्थ घ्यायचा असतो. कागदावर ‘जास्त’ पाहून घरात “थायरॉईड वाढला” असे म्हणतात आणि तेथूनच अर्धा घोटाळा सुरू होतो.

आता टाकीची गोष्ट. थायरॉईड आपला रस रोजच्या रोज बनवून संपवत नाही. कित्येक आठवडे पुरेल इतका साठा ती करून ठेवते, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा. गरोदरपणात शरीराची संरक्षक फौज काहीशी दबून राहते. पोटातला जीव निम्मा बापाचा, म्हणजे तिच्या दृष्टीने परका असतो, त्याला इजा होऊ नये म्हणून. बाळंतपण झाले की ही फौज पुन्हा जोराने उठते. काही बायकांमध्ये ती चुकून स्वतःच्याच थायरॉईडवर चालून जाते. टाकीला भेगा पडतात आणि साठलेला रस एकदम रक्तात सांडतो. ही पहिली पाळी: धडधड, घाम, कंप, चिडचिड. साठा संपला, आणि ग्रंथी अजून दुखावलेलीच, की दुसरी पाळी: थंडी, सुस्ती, विसरभोळेपणा, जडपणा. मग बऱ्याच जणींत ग्रंथी आपोआप भरून येते. साधारण वर्ष-दीड वर्षात गाडी रुळावर येते.

प्रत्येकीला दोन्ही पाळ्या येतातच असे नाही. कोणाला फक्त पहिली, कोणाला फक्त दुसरी. गळा दुखत नाही, ताप येत नाही, त्यामुळे संशय कोणाला येणार? आणि दोन पाळ्यांच्या मधल्या काळात रक्त तपासले तर सारे ठाकठीक दिसण्याचाही संभव असतो. एका तपासणीवर निश्चिंत होऊ नये, ते यासाठी.

ऐकून घेणारा डॉक्टर

या दुखण्याचा इतिहास लहान आहे, पण बोधप्रद आहे. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने चार स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली त्याला आढळली. तसे का होते, ते १९५६ साली लंडनमधील संशोधकांनी दाखवून दिले: शरीर आपल्याच थायरॉईडविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पण बाळंतपणाशी याचा धागा जोडला तो त्याआधीच, १९४८ साली, न्यूझीलंडमधल्या रॉबर्टन नावाच्या एका साध्या डॉक्टरने. बाळंतपणानंतर बायका सुस्तीची, थंडी वाजण्याची, केस बिघडल्याची तक्रार करतात, आणि थायरॉईडचा अर्क दिला की त्यांना बरे वाटते, हे त्याने नोंदवून ठेवले. त्याच्याजवळ आजच्या रक्ततपासण्या नव्हत्या. त्याने फक्त ऐकून घेतले होते.

पुढे पाव शतकाहून अधिक काळ त्याच्या नोंदीकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७६च्या सुमारास जपानमधील नोबुयुकी आमिनो आणि त्यांचे सहकारी यांनी हा विषय पुन्हा हाती घेतला. १९८२ साली त्यांनी पाचशेहून अधिक बाळंतिणींची पाहणी प्रसिद्ध केली, तीत शंभरात साडेपाच जणींना हा विकार आढळला. देशोदेशीचे आकडे कमीजास्त आहेत, पण वीस बाळंतिणींत एक हा अंदाज साधारणपणे धरला जातो. एखाद्या मोठ्या सोसायटीत वर्षभरात वीस पाळणे हलले, तर त्यांतली एक आई ही असू शकते. तेव्हा हा काही दुर्मिळ रोग नव्हे.

विचारायचे काय आणि कधी

प्रत्येक थकवा थायरॉईडचा नसतो, हेही लगेच सांगितले पाहिजे. रात्रीत चारदा उठणारी आई थकणारच. आपल्या देशात २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. तेव्हा हिमोग्लोबिन पाहणे हे पहिले काम. तीन-चार महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येणे हेही बहुधा नैसर्गिक असते, आणि ते आपोआप थांबते. पण थकव्याच्या जोडीला धडधड, कंप आणि घाम असेल, किंवा थंडी, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज आणि विसराळूपणा असेल, तर मात्र अंगावर काढू नये. डॉक्टरांना सरळ विचारावे, “माझे बाळंतपण होऊन इतके महिने झाले, थायरॉईड पाहायचे का?” ‘इतके महिने झाले’ हे शब्द गाळू नयेत. मूल नऊ महिन्यांचे झाले की आईला कोणी बाळंतीण समजत नाही, आणि तिच्या तक्रारीचा बाळंतपणाशी संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही.

काही जणींनी तर लक्षणांची वाटही पाहू नये. ज्यांच्या माहेरी थायरॉईडचा आजार आहे, ज्यांच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिद्रव्ये आढळली आहेत, ज्यांना लहानपणापासून इन्सुलिनवर राहावे लागणारा मधुमेह आहे, किंवा ज्यांना मागच्या बाळंतपणात हा त्रास झाला आहे, त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे आणि तपासणीच्या तारखा बांधून घ्याव्यात. प्रतिद्रव्ये असलेल्या स्त्रियांपैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या जणींना हा त्रास होतो.

तपासणीच्या आधी एक गोष्ट आठवणीने सांगावी. केस गळतात म्हणून हल्ली पुष्कळ जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. बायोटिन थायरॉईडला अपाय करत नाही, पण प्रयोगशाळेतल्या काही यंत्रांना फसवते. रस जास्त नसताना तो जास्त असल्याचे कागदावर उमटते. म्हणून रक्त देण्याआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात, आणि मात्रा मोठी असेल तर किती दिवस, ते डॉक्टरांना विचारावे.

पहिल्या पाळीत रस जास्त असला, तरी रस बनणे थांबवणारी औषधे उपयोगी पडत नाहीत. गळती टाकीची आहे. नळ बंद करून ती कशी थांबणार? धडधड कमी करणारे औषध थोडे दिवस पुरते. मात्र ग्रेव्हज नावाच्या दुसऱ्या विकारात ग्रंथी खरोखरच जादा रस बनवत असते, आणि तो विकारही बाळंतपणानंतर उद्‌भवू शकतो. दोहोंतला फरक वेगळ्या रक्ततपासणीने बहुधा कळतो. किरणोत्सर्गी औषध देऊन ग्रंथीचे चित्र काढायचे ठरले, तर आपण मुलाला पाजत आहोत हे प्रथम सांगावे.

दुसऱ्या पाळीत लागते ती थायरॉक्सिनची गोळी. तिच्याविषयी घरोघर दोन भीती असतात. पहिली, दुधातून बाळाला अपाय होईल. तसे होत नाही; शरीरात जो रस असायला हवा तोच ही गोळी पुरवते, आणि योग्य मात्रेत घेऊन पाजता येते. दुसरी, एकदा सुरू केली की जन्मभराची बेडी. बऱ्याच जणींची गोळी वर्षभरात डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवता येते. दहांतल्या एक-दोघींना, काही पाहण्यांनुसार त्याहून अधिक जणींना, ती कायम घ्यावी लागते. पण रोज सकाळी एक गोळी म्हणजे काही बेडी नव्हे. गोळी सुटली तरी वर्षातून एकदा रक्त तपासावे, आणि पुढच्या दिवसांची चाहूल लागण्याआधी तर नक्कीच. गर्भाच्या मेंदूची वाढ सुरुवातीच्या काळात आईच्याच थायरॉईड-रसावर अवलंबून असते.

गोळी घ्यायची ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. बाळंतिणीला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही चालू असतात. त्या हिच्याबरोबर घेतल्या तर ही अंगी लागत नाही. चार तासांचे अंतर ठेवावे. पुष्कळदा “गोळी लागू पडत नाही” असे वाटते त्याचे कारण एवढेच असते, की तिन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर गेलेल्या असतात. शिवाय फळ दिसायला वेळ लागतो. फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात, ती त्याचसाठी.

कोणी शेजारीण आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्रवनस्पतीचे चूर्ण सुचवील. आपल्या देशात गलगंडाविरुद्ध १९६२ पासून सरकारी मोहीम सुरू झाली आणि आयोडीनयुक्त मीठ घरोघर पोहोचले, ते चांगलेच झाले. पण हे दुखणे आयोडीनच्या कमतरतेचे नाही. मीठ नेहमीचे ठेवावे. वरून भर घालू नये.

आणखी दोन दुखणी

थायरॉईडचा शोध घेताना दोन गोष्टी नजरेआड होऊ नयेत. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला असेल, त्यानंतर दूध आलेच नसेल, मासिक पाळीही परतली नसेल, तर दुखापत कामगाराला नव्हे, मुकादमालाच झाली असण्याचा संभव असतो. हॅरल्ड शीहान या विकृतिशास्त्रज्ञाने १९३७ साली याचे वर्णन केले आणि त्याचेच नाव या विकाराला मिळाले. येथे केवळ टी. एस. एच. पाहून चालत नाही, कारण ओरडणाराच मुका झालेला असतो. टी-फोर आणि इतर रसही पाहावे लागतात. आणि त्यांतला एक रस आधी भरून न काढता थायरॉक्सिन सुरू केले तर ते धोक्याचे ठरू शकते. म्हणून रक्तस्रावाची हकिगत डॉक्टरांना न विसरता सांगावी.

दुसरी गोष्ट मनाची. बाळंतपणानंतरचे औदासीन्य हा स्वतंत्र आजार आहे. थायरॉईड ठीक निघाला म्हणजे बाई नाटक करते असा अर्थ होत नाही. आणि थायरॉईड बिघडलेला निघाला म्हणजे मनाला औषध नको असाही नाही. जिवाचे बरेवाईट करण्याचे किंवा बाळाविषयी भलते विचार येत असतील, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि तिला क्षणभरही एकटी सोडू नये.

ही दिवाळी आहे. भाऊबीजेला लेकी माहेरी येतील; कोणाच्या कडेवर चार महिन्यांचे बाळ असेल, कोणाचे वर्षाचे होऊन गेलेले. बाळाच्या हातावर काय ठेवायचे ते सगळ्यांनी ठरवलेलेच असेल. ते जरूर ठेवावे. पण बाळ एकीकडून दुसरीकडे फिरत असताना कोणी तरी घटकाभर त्याच्या आईपाशी बसावे. तिचा हात हातात घेऊन पाहावा, तो थरथरतो का, गार पडला आहे का. आणि “बाळ कसे आहे?” हा प्रश्न दहा जणांनी विचारून झालेला असेल, तेव्हा अकराव्याने विचारावे, “तू कशी आहेस?” तिने “ठीक आहे” म्हटले, तर आणखी एकदा विचारावे.